मुदत संपलेला आमदार आणि रिकामी खुर्ची

१९९८ च्या लोकसभा निवडणुकीत वऱ्हाडातून दोन रिपब्लिकन नेते दिल्लीला गेले. अकोल्यातून प्रकाश ऊर्फ बाळासाहेब आंबेडकर आणि अमरावतीतून रा. सू. ऊर्फ दादासाहेब गवई. दोघेही लोकसभेत नवे असले तरी सभागृहाला नवखे नव्हते. आंबेडकर १८ सप्टेंबर १९९० ते १७ सप्टेंबर १९९६ अशी पूर्ण सहा वर्षे राज्यसभेत होते, तेही राष्ट्रपतींनी नियुक्त केलेले सदस्य म्हणून. गवईंनी तर १९६४ ते १९९४ अशी तीस वर्षे राज्याच्या विधान परिषदेत काढली होती. दर्यापूर तालुक्यातल्या दारापूरचा हा माणूस तिथे दहा वर्षे उपसभापती, चार वर्षे सभापती आणि पुढे विरोधी पक्षनेताही झाला.

कधीही विसर्जित न होणाऱ्या सभागृहांत इतकी वर्षे बसलेल्या या दोघांची लोकसभा तेरा महिन्यांत बरखास्त झाली. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार एका मताने पडले आणि सगळे खासदार एकाच दिवशी माजी झाले. त्यानंतरच्या निवडणुकीत अकोल्याने आंबेडकरांना पुन्हा पाठवले, अमरावतीने गवईंना नाही. मग एप्रिल २००० मध्ये गवई राज्यसभेवर गेले, एप्रिल २००६ मध्ये मुदत संपवून बाहेर पडले आणि त्याच वर्षी बिहारचे राज्यपाल झाले.

लोकसभेचा खासदार कसा जातो हे गावातल्या पोराला विचारले तरी सांगेल: मतदार घालवतात. पण ज्याला मतदारांनी आणलेच नाही, त्याला घालवायचे कुणी?

इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने या प्रश्नाला शतकानुशतके एकच उत्तर दिले होते. मरणाने. वडील गेले की थोरला मुलगा आत येई. आपल्याकडचे सत्येंद्रप्रसन्न सिन्हा १९१९ मध्ये लॉर्ड झाले, त्या सभागृहातले ते पहिले भारतीय. १९२८ मध्ये ते वारले. मुलगा अरुणकुमार वारसदार होता, पण त्याचा वारसाहक्क मान्य होऊन त्याला आसन मिळायला १९३९ उजाडले. १९९९ मध्ये ब्लेअर सरकारने वंशपरंपरेने आलेल्या बहुतेक लॉर्डांना एका कायद्याने बाहेर काढले, फक्त ९२ ठेवले. तहहयात नेमलेले लॉर्ड मात्र राहिलेच. आपण होऊन निवृत्त होण्याची कायदेशीर सोय त्यांना २०१४ मध्ये मिळाली. एक पूर्ण अधिवेशन तोंड न दाखवणाऱ्याचे सदस्यत्व जावे, ही तरतूदही त्याच कायद्यातली. कॅनडाच्या सिनेटमध्ये पूर्वी नेमणूक जन्मभराची असे, १९६५ पासून पंचाहत्तरी हीच तिथली मुदत आहे.

वऱ्हाडाचा वरिष्ठ सभागृहाशी संबंध याच लॉर्ड सिन्हांनी हाताळलेल्या कायद्यापासून सुरू होतो. १९१९ चा भारत सरकार कायदा त्यांनीच लॉर्ड्समध्ये पुढे नेला आणि त्यातून दिल्लीत कौन्सिल ऑफ स्टेट हे वरचे सभागृह उभे राहिले. लोकमान्य टिळकांचे जिवलग आणि अमरावतीचे नामांकित वकील दादासाहेब खापर्डे तिथे वऱ्हाडाचे प्रतिनिधी होते. पण वऱ्हाड कागदोपत्री निजामाच्या मालकीचे होते, १९०२ च्या करारानुसार इंग्रजांकडे कायमच्या पट्ट्याने दिलेले. त्यामुळे इथला सदस्य 'निवडून आला' असे म्हणता येत नसे. लोक मत देत, निकाल लागे आणि मग सरकार त्याच माणसाची नेमणूक करी. पुढे अकोल्याचे वऱ्हाडकेसरी ब्रिजलाल बियाणीही याच सभागृहाचे सदस्य होते. निवडलेला आणि नेमलेला यांच्यातली रेघ वऱ्हाडात पहिल्यापासून अशी पुसट आहे.

घटना तयार झाली तेव्हा जन्मभराची नेमणूक कुठेच ठेवली गेली नाही. राज्यसभेत राष्ट्रपती बारा जणांना नेमतात: साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतून. महाराष्ट्राच्या विधान परिषदेत ७८ पैकी १२ जागा राज्यपाल भरतात, आणि तिथे या चार क्षेत्रांच्या जोडीला सहकारी चळवळही आहे. कुणीही असो, मुदत सहा वर्षांची. दर दोन वर्षांनी साधारण एकतृतीयांश सदस्य निवृत्त होतात, सभागृह मात्र चालूच राहते.

१९५२ मध्ये सगळे एकदमच आले होते, मग एकतृतीयांश निवृत्त करायचे कुणाला? तेव्हा चिठ्ठ्या टाकल्या गेल्या. कुणाला दोन वर्षे मिळाली, कुणाला चार, कुणाला सहा. नियुक्त सदस्यही त्यातून सुटले नाहीत. साताऱ्यात जन्मलेल्या काकासाहेब कालेलकरांना पूर्ण सहा वर्षे मिळाली, तर पृथ्वीराज कपूर यांची पहिली मुदत दोनच वर्षांची ठरली. १९५४ मध्ये त्यांना पुन्हा नेमले गेले. जाण्याची तारीख येतानाच ठरलेली असणे ही फार मोठी गोष्ट आहे. लॉर्ड्सला जे सात-आठशे वर्षांत जमले नाही, ते आपण पहिल्याच दिवशी केले.

मुदतीआधी जायचे तर राजीनामा. तो सभापतींच्या नावे, स्वतःच्या सहीने लिहिलेला हवा. १९७४ च्या घटनादुरुस्तीनंतर तो स्वखुशीने दिला आहे आणि खरा आहे, याची खात्री सभापतींनी करून घ्यायची असते. ही अट उगाच नाही: त्या काळात दडपणाखाली राजीनामे लिहून घेतले जात. विजय मल्ल्या यांनी मे २०१६ मध्ये पाठवलेला पहिला राजीनामा सही मूळ नसल्याच्या कारणावरून परत गेला, दुसरा मान्य झाला.

नियुक्त सदस्याला आणखी एक पेच असतो. पक्षांतरबंदी कायद्यानुसार शपथ घेतल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्याला एखाद्या पक्षात जाता येते, त्यानंतर गेला तर सदस्यत्व गमावतो. पत्रकार स्वपन दासगुप्ता २०१६ मध्ये नेमले गेले आणि मार्च २०२१ मध्ये भाजपने त्यांना बंगाल विधानसभेची उमेदवारी दिली. हरकत निघाली, त्यांनी राजीनामा दिला आणि निवडणूकही हरले. जूनमध्ये उरलेल्या मुदतीसाठी त्यांचीच पुन्हा नियुक्ती झाली. नियमाचे अक्षर पाळले गेले, पण नियुक्त सदस्याने पक्षांच्या ओढाताणीपासून दूर राहावे हा त्यामागचा हेतू पाळला गेला असे म्हणवत नाही. कपिला वात्स्यायन यांचे जाणे वेगळे. २००६ मध्ये लाभाच्या पदाचा वाद पेटला तेव्हा त्यांनी सरळ राजीनामा दिला. पुढच्या वर्षी त्या पुन्हा नियुक्त झाल्या.

गैरहजेरीचा नियम सर्वांत तोकडा आहे. परवानगीशिवाय सलग साठ दिवस एकाही बैठकीला न आल्यास सभागृह ती जागा रिक्त जाहीर करू शकते. करू शकते, केलीच पाहिजे असे नाही. शिवाय अधिवेशन संस्थगित असतानाचे आणि चार दिवसांहून लांब सुट्टीचे दिवस या साठात धरत नाहीत. महाराष्ट्राच्या विधिमंडळाचे कामकाज अलीकडे वर्षाला साठ दिवसही भरत नाही, म्हणजे आमदार वर्षभर फिरकला नाही तरी नियमाच्या कचाट्यात येईलच असे नाही. मध्ये एक दिवस हजेरी लावली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. २०१४ मध्ये सचिन तेंडुलकर आणि रेखा यांच्या गैरहजेरीवरून राज्यसभेत आवाज उठला, तेव्हा त्यांचे साठ दिवस भरलेले नाहीत एवढेच पीठासनावरून सांगण्यात आले. या नियमाखाली प्रत्यक्ष जागा गमावण्याची पाळी २००० मध्ये पंजाबच्या बरजिंदर सिंग हमदर्द यांच्यावर आली, पण असे उदाहरण विरळाच. इतक्या सैल दोरीने कुणाला बांधता येणार? मोठी माणसे सभागृहात यावीत हे खरेच, पण नियुक्ती म्हणजे पुरस्कार नव्हे. तिथे प्रश्न मांडायचे असतात, विधेयके वाचायची असतात.

विधान परिषदेत नियुक्तांच्या जोडीला अप्रत्यक्ष निवडणुकीने आलेले सदस्यही असतात, आणि पदवीधर व शिक्षक मतदारसंघांत तर थेट मतदान होते. तिथे मुदत संपली की कसोटी लागते. अमरावती पदवीधर मतदारसंघात प्राध्यापकांचे नेते बी. टी. देशमुख तीस वर्षे आमदार होते. वऱ्हाड-विदर्भाच्या अनुशेषाचा हिशेब त्यांनी आकड्यानिशी मांडला तसा फार थोड्यांनी मांडला. २०१० मध्ये अकोल्याचे अस्थिरोगतज्ज्ञ डॉ. रणजित पाटील यांनी त्यांना हरवले. पाटील पुढे राज्यमंत्री झाले आणि २०२३ च्या फेब्रुवारीत बुलडाण्याच्या धीरज लिंगाडे यांच्याकडून तेही हरले.

मरणाने रिकाम्या झालेल्या जागेचे काय होते, हेही वऱ्हाडाने पाहिले आहे. खामगावचे भाऊसाहेब फुंडकर तीनदा अकोल्याचे खासदार होते, नंतर विधान परिषदेत विरोधी पक्षनेते आणि शेवटी कृषिमंत्री. ३१ मे २०१८ रोजी ते गेले. त्यांच्या जागेवर त्याच वर्षी अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वेचे अरुण अडसड पोटनिवडणुकीत निवडून आले. पण पोटनिवडणुकीत आलेल्याला नवी सहा वर्षे मिळत नाहीत, गेलेल्याची उरलेली मुदत मिळते. त्यामुळे २४ एप्रिल २०२० ला अडसडांची मुदत संपली. त्या दिवशी विधानसभा सदस्यांच्या कोट्यातल्या नऊ जागा मोकळ्या झाल्या आणि मे महिन्यात त्या बिनविरोध भरल्या गेल्या. नव्या नऊ जणांत मुख्यमंत्री उद्धव ठाकरे होते, तसे अकोला जिल्ह्यातल्या कुटासा गावचे अमोल मिटकरीही होते.

सदस्यत्व गेले की त्यावर उभे असलेले पदही जाते. लोकसभा विसर्जित झाली तरी अध्यक्ष पुढच्या लोकसभेच्या पहिल्या बैठकीपर्यंत पदावर राहतात. विधान परिषदेच्या सभापतींना ती सोय नाही. जुलै २०२२ मध्ये रामराजे नाईक-निंबाळकर यांची सदस्यत्वाची मुदत संपली आणि सभापतिपद त्याच क्षणी मोकळे झाले. राम शिंदे सभापती झाले ते डिसेंबर २०२४ मध्ये. मधली जवळपास अडीच वर्षे उपसभापती नीलम गोऱ्हे यांनी काम रेटले. गवईंसारख्या वऱ्हाडी माणसाने जी खुर्ची सांभाळली, ती इतका काळ रिकामी राहावी हे या सभागृहाच्या मानाला शोभणारे नव्हते.

खरे दुखणे इथेच आहे. आपल्याकडे सदस्य वेळेवर जातो, त्याच्या जागी दुसरा वेळेवर येत नाही. राज्यपालनियुक्त बारा आमदारांची मुदत जून २०२० मध्ये संपली. नोव्हेंबर २०२० मध्ये मंत्रिमंडळाने बारा नावे राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांच्याकडे पाठवली. त्यांनी ना होकार दिला ना नकार. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की असा निर्णय वाजवी वेळेत व्हायला हवा. सरकार बदलले, २०२२ मध्ये नव्या सरकारने ती यादी मागे घेतली आणि थेट १५ ऑक्टोबर २०२४ ला सात जणांची नियुक्ती झाली. पाच जागा तेव्हाही रिकाम्याच राहिल्या. सातांत एक नाव वऱ्हाडाचे होते: बंजारा समाजाची काशी मानल्या जाणाऱ्या पोहरादेवीचे बाबूसिंग महाराज राठोड. पोहरादेवी वाशिम जिल्ह्यात आहे, जो १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्याचाच भाग होता.

चार वर्षांहून अधिक काळ साहित्य, कला, सहकार यांच्यासाठी राखलेल्या बारा खुर्च्या मोकळ्या होत्या. त्या काळात करोना येऊन गेला. शाळा बंद पडल्या, नाटकवाले आणि लोककलावंत घरी बसले. यांच्यासाठीच ज्या जागा ठेवल्या, त्यांवरून बोलायला कुणी नव्हते.

अमरावतीची दुसरी एक जागाही अशीच अडकली. स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून आलेले प्रवीण पोटे पाटील यांची मुदत जून २०२४ मध्ये संपली. या मतदारसंघाचे मतदार म्हणजे नगरसेवक आणि जिल्हा परिषद सदस्य, आणि महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदा तर प्रशासकांच्या हाती होत्या. मतदारच शिल्लक नव्हते, मग निवडणूक कशी व्हायची? आमदार नियमाप्रमाणे निवृत्त झाला, जागा लोंबकळत राहिली.

पोटनिवडणुकीसाठी लोकप्रतिनिधित्व कायद्यात सहा महिन्यांची मर्यादा १९९६ पासून आहे. म्हणूनच फुंडकरांची जागा त्याच वर्षात भरली गेली. राज्यपाल किंवा राष्ट्रपती ज्या जागा भरतात, त्यांना अशी कुठलीच मर्यादा नाही. सहा महिन्यांची हीच अट त्यांनाही लावावी. मंत्रिमंडळाने यादी कधी पाठवायची आणि राज्यपालांनी तिच्यावर कधी सही करायची किंवा कारणासह ती परत करायची, हे दोन्ही लिहून ठेवावे. बाबूसिंग महाराज आणि त्यांच्याबरोबरच्या सहा जणांची मुदत ऑक्टोबर २०३० मध्ये संपणार, हे आजच ठाऊक आहे. त्यांच्या जागांसाठी नावे शोधायला तोवर भरपूर वेळ आहे.