चेहरा जिथे, आवाज तिथून

व्हिडिओ बैठकीत पडद्यावर सहा चौकटींत सहा चेहरे दिसतात, पण सगळ्यांचे आवाज येतात एकाच स्पीकरमधून. दोघे एकदम बोलले की शब्दांची सरमिसळ होते आणि बोलणारा शोधत नजर चौकटींवरून फिरत राहते. एका खोलीत बसून बोलताना अशी दमछाक होत नाही, कारण तिथे प्रत्येक आवाजाला स्वतःची जागा असते.

ही जागा मेंदू दोन कानांतल्या फरकावरून ओळखतो. उजवीकडचा आवाज डाव्या कानापाशी किंचित उशिरा पोहोचतो. हा उशीर फार तर ०.७ मिलिसेकंदाचा, पण मेंदूला तेवढा पुरतो. खर्जातल्या आवाजांची दिशा अशी कळते. वरच्या पट्टीतल्या आवाजांना डोक्याचा आडोसा होतो, त्यामुळे पलीकडच्या कानाला ते क्षीण ऐकू येतात. लॉर्ड रॅले यांनी हा दुहेरी खुलासा १९०७ मध्ये मांडला. आवाज वरून आला की खालून, पुढून की मागून, हे ओळखायला बाहेरच्या कानाच्या वळ्या आणि खळगे मदत करतात.

या जागेची किंमत कॉलिन चेरी यांच्या १९५३ मधल्या प्रयोगांत स्पष्ट दिसली. एकाच माणसाच्या आवाजातले दोन मजकूर एकत्र करून दोन्ही कानांना ऐकवले, तेव्हा ते वेगळे काढताना ऐकणाऱ्यांची पुरेवाट झाली. तेच दोन मजकूर दोन कानांना वेगवेगळे दिले, तेव्हा हवा तो सहज ऐकता आला.

कानाला दिशा पुरवण्याची खटपट त्याच्याही कितीतरी आधीची. १८८१ च्या पॅरिस विद्युत प्रदर्शनात क्लेमाँ आदेर यांनी ऑपेराच्या रंगमंचावरचे गाणे प्रत्येक कानाला एक, अशा दोन रिसीव्हरमधून ऐकवले. गायक रंगमंचावर कोणीकडे सरकला तेही श्रोत्यांना जाणवत होते. पुढे १९३१ मध्ये अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी लंडनमध्ये स्टिरिओ ध्वनीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्यामागचे निमित्त चित्रपटगृहातले होते असे सांगतात : नट पडद्याच्या एका कडेला आणि त्याचा आवाज भलतीकडून.

मेंदू डोळ्यांवर फार विसंबतो, हे या कामात अभियंत्यांच्या पथ्यावर पडते. शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या मांडीवरचा बाहुला अर्धवटराव बोलतो तेव्हा आवाज त्याच्या हलत्या ओठांतूनच आल्यासारखा वाटतो. त्यामुळे आवाजाची जागा थोडी चुकली तरी दिसणारे तोंड ती सावरून घेते. मात्र समोर अनेक तोंडे हलत असली की ही सवलत तोकडी पडते.

वेळेचा मेळ तर अधिकच नाजूक. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या निकषांनुसार आवाज ओठांपेक्षा सुमारे ४५ मिलिसेकंद आधी आला तरी जाणवू लागतो. मागे राहिला, तर सुमारे १२५ मिलिसेकंदांपर्यंत लक्षात येत नाही. निसर्गात वीज आधी दिसते, गडगडाट मागून येतो. चित्रामागून येणाऱ्या आवाजाची सवय माणसाला मुळातच आहे.

या विषयातला सर्वांत सुंदर प्रयोग १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला टोरांटोत झाला, तो बिल बक्स्टन आणि अ‍ॅबिगेल सेलन यांच्या ‘हायड्रा’चा. दूरच्या प्रत्येक माणसासाठी टेबलावर एक छोटी पेटी, आणि तिच्यात त्याचाच पडदा, कॅमेरा व स्पीकर. एका पेटीकडे मान वळवली की आपल्याकडेच पाहिले जात आहे हे त्या माणसाला कळे, इतरांनाही कळे. शेजारच्या पेटीकडे झुकून हळूच दोन शब्द बोलताही येत. चौकटींच्या बैठकीत नेमकी हीच सोय हरवली.

आता आवाजाला जागा देण्याचे तेच काम गणिताने केले जाते. चौकट पडद्यावर डावीकडे असेल, तर तिच्यातला आवाज दोन कानांसाठी वेगवेगळा गाळून हेडफोनमध्ये सोडतात. त्यासाठी प्रत्येकाचा आवाज शेवटपर्यंत सुटा राहावा लागतो. वाटेत सगळे एकत्र ओतले, तर पुन्हा वेगळे काढणे कठीण. कानांची ठेवण माणसागणिक निराळी असल्याने सरासरी कानासाठी केलेले गणित काहींना फसवते आणि आवाज डोक्याच्या आतच घुमतो. मान वळली की हेडफोनमधला आवाजही तिच्याबरोबर फिरू लागतो, म्हणून डोक्याच्या हालचालीचा मागोवा घेऊन तो पडद्याशी बांधून ठेवतात. स्पीकरवर आणखी अडचण असते : डाव्या-उजव्या स्पीकरमधून निघालेला प्रतिध्वनी माइकमधून वजा करणे एका स्पीकरपेक्षा बरेच अवघड. आणि मधेच सातवा माणूस बैठकीत आला, चौकटी सरकल्या, की प्रत्येक आवाजाला आपल्या चेहऱ्यामागोमाग जागा बदलावी लागते.