गाडी त्याची, काम संस्थेचे

पगारपत्रकाच्या पलीकडे : लेखांक ७

मागच्या लेखांकात दैनिक भत्त्याचा हिशेब पाहिला. त्याला लागूनच येणारा आणि महिनाअखेरीला सगळ्यात जास्त कुरबुर घडवणारा विषय आज घेतो. कर्मचारी स्वतःच्या गाडीवर संस्थेचे काम करतो, तेव्हा त्याला किलोमीटरमागे किती द्यायचे?

पतसंस्थेचा वसुली कर्मचारी, बियाणे कंपनीचा फील्ड असिस्टंट, औषध कंपनीचा एमआर, कापसाच्या प्रकल्पात गावोगाव शेतीशाळा घेणारा कार्यकर्ता. वर्धा जिल्ह्यात अशा नोकरीच्या जाहिरातीत एक ओळ हमखास असते : ‘स्वतःचे दुचाकी वाहन असणे आवश्यक.’ या ओळीने संस्था उमेदवाराकडे ऐंशी-नव्वद हजारांचे भांडवल मागत असते. पोरगा कर्ज काढून गाडी घेतो नि रुजू होतो. पुढे त्या भांडवलाची झीज कोणी भरून द्यायची, हे मात्र नेमणूकपत्रात कुठेच लिहिलेले नसते.

गाडीवाचून भागत नाही, हेही खरे. जिल्ह्यात ८ तालुके. वर्ध्याहून देवळी-सेलू अगदी जवळ, आर्वी पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर, आष्टी आणि कारंजा (घाडगे) त्याहून लांब. तालुक्याच्या गावी जायला एसटी आहे, पण काम तालुक्याच्या गावी नसते. ते खरांगण्याच्या आतल्या गावात, रोहण्याजवळच्या शेतात, साहूरच्या बाजूला असते. तिथे दोन एसटींच्या मधल्या वेळात चार गावे उरकायची असतात. पुलगाव-आर्वी शकुंतला रेल्वे बंद पडून वर्षे लोटली. वर्धा-कळंब रेल्वे २०२४ साली सुरू झाली, पण ती देवळीकडून जाते. आष्टी-कारंज्याला तिचा उपयोग नाही. २०२१ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एसटीचा संप चालला, तेव्हा तर जिल्ह्यातली फिरतीची कामे लोकांच्या दुचाक्यांवरच चालली.

आता हिशेब मांडू. आकडे मी समजण्यापुरते धरले आहेत; आपापल्या पावत्या काढून ते बदलून घ्यावेत. पेट्रोल १०५ रुपये लिटर धरू. कंपनी गाडीचा अ‍ॅव्हरेज ६५ सांगते, पण मागे बॅग, खाली गिट्टी आणि दर गावात थांबणे असले की हाती ५० पडतो. म्हणजे किलोमीटरला २ रुपये १० पैसे. बहुतेक संस्थांचा हिशेब इथेच थांबतो.

महिन्याला १,००० किलोमीटर, म्हणजे पाच वर्षांत ६०,००० किलोमीटर चालणारी गाडी घ्या. ऑन रोड ९०,००० ला घेतलेली गाडी पाच वर्षांनी सेकंड हँड बाजारात ३०,००० ला गेली, तर ६०,००० रुपये झिजले : किलोमीटरला १ रुपया. सर्व्हिसिंग, इंजिन ऑइल, टायर-ट्यूब, चेन-स्प्रॉकेट, क्लच प्लेट, ब्रेक शू, बॅटरी आणि पंक्चर मिळून ७५ पैसे. विमा वर्षाला १,८०० धरला तर १५ पैसे. बेरीज होते ४ रुपये.

म्हणजे पेट्रोल हा निम्म्याहून किंचित जास्त हिस्सा. केवळ पेट्रोलचे पैसे देणारी संस्था दर किलोमीटरला १ रुपया ९० पैसे कर्मचाऱ्याच्या खिशातून काढते. महिन्याला १,९००, वर्षाला २२,८००. पाच वर्षांत १ लाख १४ हजार, म्हणजे गाडीच्या मूळ किमतीपेक्षा जास्त. बारा-पंधरा हजार पगार असलेल्या माणसाच्या बाबतीत ही रक्कम भयंकर आहे. ती पगारपत्रकात कापलेली दिसत नाही, म्हणून तिच्यावर कोणी तक्रारही करत नाही. गाडी पाचव्या वर्षी धूर टाकू लागते आणि नवीन घ्यायला हातात काही नसते, तेव्हा ती कळते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते. पेट्रोल लिटरला ५ रुपयांनी चढले, तर ५० च्या अ‍ॅव्हरेजला फरक पडतो फक्त १० पैशांचा. १६ जून २०१७ पासून देशभर पेट्रोलचे दर रोज बदलू लागले आणि तेव्हापासून भत्त्यावरचा सगळा वाद पंपावरच्या पाटीभोवती फिरतो. तो वाद रास्त आहे, पण त्यात १० पैसे मिळवले आणि खालचे १९० पैसे सोडून दिले, असे होते.

दर ठरवण्याच्या तीन पद्धती आपल्याकडे चालतात आणि तिन्ही अपुऱ्या आहेत.

पहिली एसटी भाड्याची. एमआर मंडळींचा ‘स्टँडर्ड फेअर चार्ट’ अनेक ठिकाणी याच पायावर बसवलेला असतो : मुख्यालय, एक्स-स्टेशन, आउटस्टेशन अशी गावांची वर्गवारी आणि जाण्यायेण्याचे बसभाडे. २५ जानेवारी २०२५ पासून एसटीचे भाडे १४.९५ टक्के वाढले, तरी साध्या बसचे किलोमीटरमागचे भाडे दोन रुपयांच्या आतच आहे. त्यात दुचाकीचे पेट्रोलही निघत नाही. चाळीस-पन्नास जणांत वाटला जाणारा बसचा खर्च एकट्या माणसाच्या गाडीला लावणे चूकच.

दुसरी पेट्रोलच्या पावत्यांची. आतल्या गावात गाडी कोरडी पडली की किराणा दुकानातून बाटलीतले पेट्रोल घ्यावे लागते, तेही चढ्या भावाने. त्याची पावती कुठली? मग सरळमार्गी माणसाचे बिल कमी भरते आणि पंपावरच्या पोराशी ओळख असलेल्याचे बरोबर जुळते. संस्था स्वतःच्या हाताने माणसांना खोटे बिल करायला शिकवते, आणि वर्षभराने ‘आपल्याकडे लोक प्रामाणिक नाहीत’ म्हणते, याचे मला फार वाईट वाटते.

तिसरी ठोक रकमेची. सरकारी खात्यांत गावपातळीवरच्या कर्मचाऱ्यांना कायम प्रवास भत्ता देण्याची जुनी रीत आहे. खाजगी संस्थांनी ती उचलली. समजा सगळ्यांना महिना २,०००. देवळीत ३०० किलोमीटर फिरणाऱ्याचा खरा खर्च १,२००. त्याला ८०० उरतात. आष्टीत १,२०० किलोमीटर फिरणाऱ्याचा खर्च ४,८००. त्याला २,८०० कमी पडतात. तो काय करील? लांबचे गाव महिन्यातून दोनदाऐवजी एकदा करील, आणि पुढे फोनवरच माहिती भरून घेईल. बोंडअळीच्या दिवसांत ज्या शेतकऱ्याकडे कोणी फिरकले नाही, त्याला हे कारण कधी कळत नाही. ठोक भत्ता हिशेबाला सोपा आहे, पण त्याची किंमत सगळ्यात लांबचे गाव मोजते.

मग दर कसा असावा? केंद्र सरकारचा नियम पाहण्यासारखा आहे. सातव्या वेतन आयोगानंतर जुलै २०१७ मध्ये निघालेल्या आदेशात, जिथे परिवहन खात्याने वेगळा दर ठरवलेला नाही तिथे स्वतःच्या मोटारीला किंवा टॅक्सीला किलोमीटरला २४ रुपये आणि ऑटोरिक्षा किंवा स्वतःच्या स्कूटरला १२ रुपये दिले. सहाव्या आयोगाच्या वेळी हेच दर १६ आणि ८ होते. सोबत एक कलम आहे : महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की दर २५ टक्क्यांनी वाढेल. १ जानेवारी २०२४ पासून महागाई भत्ता ५० टक्के झाला; त्या कलमाने २४ चे ३० आणि १२ चे १५ होतात. या नियमात पेट्रोलचा उल्लेखही नाही. स्वतःची स्कूटर भाड्याच्या रिक्षाच्या बरोबरीला धरली आहे. मात्र तो दर अधूनमधून दौऱ्यावर जाणाऱ्यांसाठी आहे. महिन्याला हजार किलोमीटर फिरणाऱ्या पंचवीस माणसांना १५ रुपये द्यायची ऐपत आपल्या पतसंस्थेत नसते, आणि खरा खर्चही तेवढा नाही.

ब्रिटनचा नियम मला रचनेसाठी आवडतो. २०११ पासून तिथे मोटारीला पहिल्या १०,००० मैलांपर्यंत ४५ पेन्स आणि पुढे २५ पेन्स, मोटारसायकलला २४ आणि सायकलला २० पेन्स करमुक्त धरले गेले. पहिल्या टप्प्यात विमा, किमतीतली घट असे बांधील खर्च निघतात, म्हणून पुढे दर उतरतो. पण मोटारीचा आकडा पुढे वर्षानुवर्षे तसाच राहिला आणि महागाईने त्याचे मोल खाल्ले. अमेरिकेच्या आयकर खात्याने उलट केले. २०२२ साली इंधन भडकले, तेव्हा वर्ष संपायची वाट न पाहता १ जुलैपासून मैलाचा दर ५८.५ सेंटवरून ६२.५ वर नेला.

या सगळ्यातून वर्ध्यासाठी मी असा दर सुचवीन : दुचाकीला महिन्यातल्या पहिल्या ५०० किलोमीटरला ५ रुपये, पुढे ४ रुपये. हजार किलोमीटरला ४,५००. पेट्रोल ५ रुपयांनी वरखाली झाले की १० पैसे तसेच वरखाली. झिजेचा आणि दुरुस्तीचा भाग दर एप्रिलमध्ये नव्याने, कर्मचाऱ्यांच्या दोन-तीन खऱ्या गाड्यांच्या बिलांवरून ठरवावा. पावसाळ्यात पांदण रस्त्याने जावे लागणाऱ्यांना जुलै ते सप्टेंबर थोडा जास्त द्यावा. काळ्या मातीचा चिखल मडगार्ड आणि टायरच्या मध्ये घट्ट बसतो, चाक फिरायचे थांबते, काडीने खरवडत पुढे जावे लागते. अशा वेळी अ‍ॅव्हरेज पडतो आणि क्लच जळतो. छोट्या पेट्रोल मोटारीचा खर्च याच रीतीने काढला, तर तो १३-१४ रुपयांच्या घरात जातो.

इलेक्ट्रिक स्कूटरवाल्याचे काय, असे हल्ली विचारतात. पेट्रोलच्या पावतीवर पैसे देणाऱ्या संस्थेत त्याला शून्य मिळते, कारण पावतीच नाही. त्याची बॅटरी मात्र संस्थेच्या कामावर झिजते. त्यालाही तोच किलोमीटरचा दर द्यावा. काही वाचले तर ते त्याच्या धाडसाचे.

अंतर मोजण्यावरून भांडण नको म्हणून कार्यालय ते प्रत्येक गाव आणि गाव ते गाव असा अंतराचा तक्ता एकदाच सगळ्यांसमोर करावा आणि भिंतीवर लावावा. कर्मचाऱ्याने रोज तारीख, गावे, किलोमीटर आणि काम एवढेच लिहावे. कामासाठी झालेला प्रवासखर्च भरून दिला तर त्यावर कर्मचाऱ्याला आयकर लागत नाही, पण त्यालाही अशीच नोंद लागते. घर ते कार्यालय हा प्रवास त्यात धरता येत नाही. आणि पगार कमी दाखवायला ‘पेट्रोल भत्ता’ फुगवणाऱ्यांनी जपून राहावे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत असे भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर वरचा भाग वेतनातच मोजला जातो.

विम्याबद्दल एवढेच, की दर वर्षी प्रत्येकाच्या गाडीचा विमा, परवाना आणि पीयूसी तपासा. स्वतः चालवणाऱ्या मालकाला १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे, पण पॉलिसी संपलेली असेल तर घरच्यांच्या हाती काही येत नाही. कामावर असताना झालेल्या अपघाताच्या भरपाईची जबाबदारी कायद्याने नोकरी देणाऱ्या संस्थेवर येते, गाडी कोणाची का असेना. बियाण्याच्या बॅगा किंवा औषधांचे खोके दुचाकीवर न्यायला लावत असाल, तर ते पॉलिसीत बसते का, हे विमा कंपनीला आधी लेखी विचारा.

शेवटची गोष्ट तारखेची. प्रवास बिल साहेबांच्या टेबलावर दीड-दीड महिना पडून राहते. तोवर कर्मचारी उसनवारी करून पेट्रोल टाकतो, म्हणजे संस्था त्याच्याकडून बिनव्याजी कर्ज घेते. महिन्याच्या १ तारखेला अंदाजे निम्मी रक्कम उचल म्हणून द्यावी आणि बाकी पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत चुकती करावी. गेल्या तीन महिन्यांच्या बिलांवर सादर केल्याची आणि पैसे दिल्याची तारीख बघा. किती दिवस लागले ते तिथेच दिसेल.

पुढच्या लेखांकात : कर्मचाऱ्याचा स्वतःचा मोबाइल आणि त्याचा डेटा पॅक.