ढिगाऱ्याला दिशा असते

आपल्या सास्तूरची १९९३ची छायाचित्रं आणि मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीची १९४४ची, शेजारी शेजारी ठेवून पाहा. दोन्हीकडे ढिगारेच, पण पडण्याची तऱ्हा निराळी.

३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपानं जमीनच हलवली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती फुटल्या, वरचं माळवद खाली आलं. घर जिथल्या तिथं बसलं. गोदीतली गोदामं मात्र ढकलल्यासारखी दिसतात. छपरांचे पत्रे उडालेले, लोखंड पिळवटलेलं. लंडनच्या बॉम्बहल्ल्याच्या फोटोंत ही चित्रं सहज खपून जातील. त्या दिवशी मुंबईकरांनाही वाटलं, जपानी आले!

विमान एकही आलं नव्हतं. गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. त्यात सुमारे १,४०० टन दारूगोळा, आणि त्याच्याच सोबतीला कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी. असली जोडी जमवणाऱ्याला काय म्हणावं! कापसाची दाबून बांधलेली गाठ भडकत नाही, आतल्या आत धुमसते; पाणी मारलं तरी वरचाच थर भिजतो. १४ एप्रिलच्या दुपारी धूर दिसला. बंबवाले पाणी मारत राहिले. जहाज तापत गेलं आणि ४ वाजून ६ मिनिटांनी फुटलं. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा स्फोट. हादरा टिपला कुठं, तर शिमल्याच्या भूकंपमापकावर! शेकडो माणसं गेली, त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जण. पेटत्या गाठी उडून वस्त्यांवर पडल्या, म्हणून दूरच्या काही इमारती उभ्या दिसतात, पण आतून जळून पोकळ झालेल्या.

स्फोटात दाबलेल्या हवेची लाट एका जागेपासून चहूकडे धावते आणि वाटेतलं सारं आपल्यापासून दूर लोटते. पडलेल्या भिंतींच्या दिशा उलट्या मागे नेल्या, तर रेषा जहाजापाशी येऊन मिळाव्यात. विमानातून बॉम्ब पडले असते, तर अशी केंद्रं अनेक निघाली असती. सगळ्यांत अचाट फोटो ‘जलपद्म’चा: सुमारे ४,००० टनांचं अख्खं जहाज, पाण्यातून उचललेलं, मागचा भाग गोदामाच्या छपरावर.

सरकारनं मात्र बातमीच दाबली. जपान्यांच्या हातातल्या सायगाव रेडिओनं ती दुसऱ्या दिवशी सांगून टाकली. आपल्या वृत्तपत्रांना मुभा मिळायला मे महिना उजाडला.