जाहिरात, सामाजिक कार्य आणि राजकारण : गैरसमज आणि वस्तुस्थिती

साबण किंवा मोटारीप्रमाणेच स्वच्छतेचा संदेश, पक्षाची आश्वासने, सरकारच्या योजना आणि कंपनीची सचोटी यांचीही जाहिरात होते. भारतात या प्रत्येक प्रकारासाठी नियम निराळा आणि तपासणारी यंत्रणाही निराळी आहे. एका प्रकाराचा नियम दुसऱ्यालाही लागू असेल असे गृहीत धरल्यामुळे बरेचसे गैरसमज निर्माण होतात.

गैरसमज : सामाजिक संदेश देणाऱ्या जाहिरातीमागे व्यावसायिक हितसंबंध नसतो.

वस्तुस्थिती : संदेश खरा असूनही त्यामागे हितसंबंध असू शकतो. ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’ ही संस्था 1953 मध्ये स्थापन झाली, तेव्हा तिच्या संस्थापकांत पेये आणि वेष्टने तयार करणाऱ्या कंपन्या होत्या. कचरा पाहून अश्रू ढाळणारा मूळनिवासी अमेरिकन दाखवणारी तिची 1971 ची जाहिरात जगभर गाजली. ती भूमिका करणारा अभिनेता प्रत्यक्षात इटालियन वंशाचा होता. प्रदूषण माणसे करतात आणि माणसेच ते थांबवू शकतात, असा त्या जाहिरातीचा सूर होता. त्यामुळे जबाबदारी बाटली रस्त्यावर टाकणाऱ्यावर आली. एकदा वापरून फेकायच्या बाटल्या बाजारात आणणाऱ्या उद्योगाचा प्रश्न त्यात आलाच नाही. रस्त्यावर कचरा टाकू नये हा सल्ला योग्यच होता, पण त्यात प्रश्नाची अर्धीच बाजू होती.

गैरसमज : सीएसआर (कंपन्यांचे सामाजिक उत्तरदायित्व) म्हणजे कंपनीने स्वखुशीने केलेला दानधर्म, आणि त्यात प्रसिद्धीचा खर्चही बसतो.

वस्तुस्थिती : कंपनी अधिनियम 2013 च्या कलम 135 नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांवर हे कायदेशीर बंधन आहे. निव्वळ मूल्य 500 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा निव्वळ नफा 5 कोटी रुपये, यांपैकी एक मर्यादा गाठली की मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. राजकीय पक्षाला दिलेली देणगी यात धरता येत नाही. आपल्या मालाच्या किंवा सेवेच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्वही 2021 च्या दुरुस्तीनंतर वगळले गेले आहे.

गैरसमज : ‘पर्यावरणपूरक’, ‘हरित’ हे नुसते विशेषण आहे, त्याला पुरावा लागत नाही.

वस्तुस्थिती : हा दावा आहे आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारी दावा करणाऱ्याची आहे. फोक्सवॅगनने अमेरिकेत आपल्या डिझेल गाड्या ‘स्वच्छ डिझेल’ म्हणून खपवल्या. चाचणी सुरू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन कमी करणारी संगणकप्रणाली त्या गाड्यांत बसवली होती. सप्टेंबर 2015 मध्ये हे उघड झाले. अशी प्रणाली जगभरातील सुमारे 1.1 कोटी गाड्यांत असल्याचे कंपनीने मान्य केले. त्यानंतर 2016 मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने फसव्या जाहिरातींबद्दल स्वतंत्र दावा दाखल केला. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये ‘ग्रीनवॉशिंग’ म्हणजे पर्यावरणपूरकतेचे फसवे दावे रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. त्यांनुसार असे मोघम शब्द वापरताना नेमके स्पष्टीकरण आणि पडताळता येणारा पुरावा द्यावा लागतो.

गैरसमज : प्रत्येक जाहिरात कोणीतरी आधी तपासलेली असते, आणि ती करणाऱ्या नटावर किंवा खेळाडूवर जबाबदारी येत नाही.

वस्तुस्थिती : बहुतेक व्यापारी जाहिरातींना पूर्वपरवानगी लागत नाही, कारवाई नंतर होते. 1985 मध्ये स्थापन झालेली ‘ॲडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया’ ही उद्योगाने स्वतःवर घालून घेतलेल्या शिस्तीची संस्था आहे, सरकारी खाते नाही. दंड करण्याचे अधिकार ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. जाहिरात करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीलाही दंड होऊ शकतो, शिवाय एक वर्ष आणि पुढील उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत तिला जाहिराती करण्यास मनाई करता येते. दाव्याची पुरेशी खातरजमा केली होती हे दाखवता आल्यास मात्र ती सुटू शकते.

गैरसमज : निवडणुकीच्या जाहिराती प्रमाणित असतात, म्हणजे त्यांतील आश्वासने तपासलेली असतात.

वस्तुस्थिती : सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2004 च्या आदेशानंतर दूरचित्रवाणीवरील राजकीय जाहिरातींना पूर्वप्रमाणन सक्तीचे झाले. हे काम माध्यम प्रमाणीकरण व संनियंत्रण समित्या करतात आणि समाजमाध्यमांवरील जाहिरातीही आता त्यांच्या कक्षेत आहेत. आचारसंहिता आणि कायद्याचा भंग होतो का, हे समिती पाहते. आश्वासन पाळले जाईल का, हे तिच्या कामात येत नाही. वृत्तपत्रातील जाहिरातीला प्रमाणन लागते ते मतदानाच्या दिवशी आणि आदल्या दिवशी छापायच्या मजकुरापुरते. पत्रके आणि भित्तिपत्रके यांवर मात्र मुद्रक आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापणे लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम 127अ नुसार बंधनकारक आहे.

गैरसमज : खर्चमर्यादेमुळे प्रचाराच्या एकूण खर्चाला आळा बसतो.

वस्तुस्थिती : मर्यादा उमेदवाराला आहे, पक्षाला नाही. 2022 पासून महाराष्ट्रात लोकसभेसाठी 95 लाख आणि विधानसभेसाठी 40 लाख, तर गोव्यात अनुक्रमे 75 लाख आणि 28 लाख रुपये ही उमेदवाराची कमाल मर्यादा आहे. पक्षाने उमेदवाराचा उल्लेख न करता केलेला सर्वसाधारण प्रचार या हिशेबात येत नाही.

गैरसमज : सरकारी जाहिरातीत कोणाचे छायाचित्र छापायचे हा सत्ताधाऱ्यांचाच प्रश्न आहे.

वस्तुस्थिती : सरकारी जाहिरातीचा पैसा करदात्याचा असतो. म्हणून सर्वोच्च न्यायालयाने मे 2015 मध्ये राष्ट्रपती, पंतप्रधान आणि सरन्यायाधीश यांच्यापुरतीच छायाचित्रे मर्यादित केली. मार्च 2016 मध्ये राज्यपाल, मुख्यमंत्री आणि संबंधित खात्याचे मंत्री यांनाही मुभा मिळाली. पक्षाचे नाव किंवा चिन्ह वापरण्यास मनाई कायम राहिली.

जाहिरात पाहताना तीन गोष्टी तपासाव्यात : पैसे कोणी दिले, दाव्याचा पुरावा कुठे आहे आणि तक्रार कोणाकडे करायची. वस्तू व सेवांच्या फसव्या जाहिरातींची तक्रार राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर करता येते. निवडणूक काळातील आचारसंहिताभंगाची तक्रार निवडणूक आयोगाच्या ‘सी-व्हिजिल’ ॲपवर नोंदवता येते.