पितळी कप आणि उडता पंखा

अंबरनाथ-बदलापूरच्या घरांत ‘ऑर्डनन्समध्ये आहेत’, म्हणजे दारूगोळ्याच्या कारखान्यात, एवढं सांगितलं की स्थळाची निम्मी चौकशी संपायची. तिथलं काम मुळात धातूचं. सत्तर टक्के तांबं, तीस टक्के जस्त. या पितळेच्या पट्टीतून चकती कापायची आणि दाबून तिचा कप करायचा. रायफलच्या काडतुसाचा कप बोटाच्या टोकावर टोपीसारखा बसेल एवढाच. तो ओढून लांबवायचा. ओढताना पितळ ताठरतं, म्हणून भट्टीत मऊ करून पुन्हा ओढायचा. अशी काडतुसाची पुंगळी होते.

अशा काडतुसातून सुटणाऱ्या ७.६२ मिलिमीटरच्या गोळीने रणगाड्याचा रंग उडेल फार तर. हेलिकॉप्टरला मात्र तिचा धसका. विमान सुसाट निघून जातं. हेलिकॉप्टरची खरी कामगिरी थांबण्यात. जवान उतरवायचे तर वेग शून्यावर आणायचा, तोही शत्रूच्या डोक्यावर. सगळीकडे चिलखत चढवलं तर ते उडणारच नाही. म्हणून वैमानिकाभोवती तेवढा जाड पत्रा, बाकी भिस्त जोडीवर: दोन इंजिनं, दुहेरी हायड्रॉलिक्स. अमेरिकेच्या ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरचा गिअरबॉक्स तर तेल सांडून गेल्यावरही अर्धा तास चालावा अशा बेताने बनवलेला. एवढं करून १९९३ मध्ये सोमालियातल्या मोगादिशूत खांद्यावरून डागायच्या आरपीजी रॉकेटने एकाच दिवसात दोन ब्लॅक हॉक पाडले. शेपटीचा पंखा गेला की यंत्र स्वतःभोवती गरगरू लागतं, आणि तिथे जोडी नसते.

थांबण्यातल्या धोक्याचा धडा आपल्याला त्याआधीच श्रीलंकेतल्या जाफन्यात मिळाला होता. ११ ऑक्टोबर १९८७ च्या रात्री भारताची एमआय-८ हेलिकॉप्टरं विद्यापीठाच्या मैदानावर कमांडो आणि शीख लाइट इन्फंट्रीचे जवान उतरवत होती. लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेचे लोक वाटच पाहत होते. हेलिकॉप्टरांना इतक्या गोळ्या लागल्या की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. शीख तुकडीचे तीसेक जवान खालीच अडकले. त्यांतला एकच वाचला. हेलिकॉप्टर पडलं नाही तरी लढाई हरता येते, हे हिशेबात फारसं कुणी धरत नाही.

कारगिलमध्ये गोळीची जागा स्टिंगरने घेतली. हे क्षेपणास्त्र इंजिनाच्या उष्णतेमागे धावतं. त्याला चकवायला जळते फ्लेअर्स सोडतात. २८ मे १९९९ रोजी एमआय-१७ ची तुकडी तोलोलिंगजवळ रॉकेट्स डागायला गेली. तिथली हवा विरळ, त्यामुळे इंजिनाकडे शिलकीची ताकद बेताची. झटकन वळणं अवघड. त्यात शत्रू उंचावर बसलेला. तुकडीतल्या ज्या एका हेलिकॉप्टरवर फ्लेअर्स नव्हते, नेमकं तेच पडलं. स्क्वाड्रन लीडर राजीव पुंडीर, फ्लाइट लेफ्टनंट एस. मुहिलन, सार्जंट पी. व्ही. एन. आर. प्रसाद आणि सार्जंट आर. के. साहू, चौघेही गेले.

त्यानंतर एमआय-१७ ना हल्ल्याच्या कामातून काढण्यात आलं. जखमींना आणणं आणि रसद पोचवणं मात्र चालूच राहिलं, आणि त्यासाठीही कुठेतरी थांबावं लागतंच.