पिळलेल्या धोतराचं पाणी

भाद्रपदाचा वद्य पक्ष होता. आम्ही सोलापुराहून पहाटेच्या एसटीनं पंढरपूरला आलो होतो. आबा, माझे आजोबा, चंद्रभागेत कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून तर्पण करत होते. वडील, आजोबा, पणजोबा, मग आईकडचे, मग सासुरवाडीचे. एकेकाचं नाव घ्यायचं आणि ओंजळीतलं पाणी सोडायचं. मी वाळवंटात त्यांचा सदरा धरून उभा होतो. नावं संपली. आबा काठावर आले, ओल्या धोतराचा सोगा त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि डाव्या बाजूला वाळूवर पिळला. चार-पाच धारा पडल्या, वाळूनं त्या लगेच पिऊन टाकल्या.

"आबा, हे कुणाला?"

"ज्यांच्या मागं कुणीच उरलं नाही ना, त्यांना."

तर्पणाच्या विधीत हा शेवटचा भाग असतो. आपल्या कुळात जन्मून जे निपुत्रिक गेले, ज्यांना पाणी देणारं कुणी नाही, त्यांच्यासाठी वस्त्र पिळून निघालेलं पाणी. ओंजळ नाही, तीळ नाहीत, नावही नाही. तेव्हा मला ते फार अपमानाचं वाटलं होतं. नाव असणाऱ्याला ओंजळभर, आणि ज्याला कुणी नाही त्याला धोतराचं पाणी!

ही आठवण पुष्कळ वर्षांनी वर आली ती एका इंग्रजी कादंबरीमुळं. नील गेमन या लेखकाची 'द ग्रेव्हयार्ड बुक' २००८ साली आली. अमेरिकेतलं न्यूबेरी पदक तिला २००९ मध्ये मिळालं आणि ब्रिटनमधलं कार्नेगी पदक २०१० मध्ये. बालसाहित्यातले हे दोन मोठे मान एकाच पुस्तकाला मिळण्याची ती पहिलीच वेळ. पण हे बालसाहित्य सुरू होतं ते खुनानं. जॅक नावाचा माणूस सुरी घेऊन रात्री एका घरात शिरतो. आई, वडील आणि थोरली बहीण यांना मारून तो वरच्या मजल्यावर जातो, तर पाळणा रिकामा. नुकतं चालायला लागलेलं पोर कधीच पाळण्यातून उतरून, जिना उतरून, उघड्या दारातून बाहेर पडलेलं असतं. ते टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत पोचतं.

तिथल्या भुतांपुढं प्रश्न उभा राहतो की ह्याचं करायचं काय. नुकतीच मेलेली त्याची आई क्षणभर दिसते आणि माझ्या लेकराला सांभाळा म्हणून विनवते. काही शतकांपूर्वी निपुत्रिक गेलेलं ओवेन्स जोडपं पुढं येतं आणि पोराला पदरात घेतं. मग नाव ठेवण्यावरून वाद. हा माझ्या भाच्यासारखा दिसतो, हा आमच्या माळ्यासारखा दिसतो, असं एकेक भूत म्हणू लागतं. मिसेस ओवेन्स म्हणते, तो कुणासारखाच दिसत नाही. म्हणून त्याचं नाव नोबडी, म्हणजे 'कुणीच नाही'. लाडानं बॉड. ना जिवंत ना मेलेला असा सायलस त्याचा पालक होतो, कारण कुंपणाबाहेर जाऊन पोरासाठी अन्न आणणं त्यालाच शक्य आहे. बॉड अक्षरं शिकतो ती थडग्यांच्या दगडांवरून.

पुस्तकाचं नाव ठेवतानाच गेमननं ऋण मान्य केलं आहे, ते किपलिंगच्या 'जंगल बुक'चं. तिथं मुलाला लांडगे वाढवतात, इथं भुतं. आणि किपलिंग तर आपल्याच मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात १८६५ साली जन्मला. सहा वर्षांचाही झाला नव्हता तेव्हा त्याला आणि त्याच्या धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये परक्या घरी ठेवून आईवडील परत आले. त्या घरात त्याचे फार हाल झाले. आईबाप असून अनाथ झालेल्या मुलानं मोगली लिहिला, हे ध्यानात ठेवून ती गोष्ट पुन्हा वाचून पाहावी.

या कादंबरीतला विनोद मला फार जवळचा वाटला, कारण तिथली भुतं मेल्यानंतरही आपापले स्वभाव सोडत नाहीत. एक कवी आहे. लोकांनी कवितेची किंमत केली नाही म्हणून रागावून त्यानं आपल्या उरलेल्या कविता स्वतःबरोबर पुरायला लावल्या. जगाला आता पश्चात्ताप होईल, या आशेवर तो अजून बसून आहे.

आपल्याकडची भुतंही अशीच अडून बसलेली. मुंज झाली आणि लग्नाआधी गेला तो मुंजा, त्याचा मुक्काम पिंपळावर. बाळंतपणात गेली ती अळवंतीण. पोटी संतान नसताना किंवा जीव पैशाअडक्यात गुंतलेला असताना गेला तो समंध. आजीच्या तोंडून ही नावं ऐकताना अंगावर काटा यायचा. आज ती यादी पाहिली की वाटतं, ही तर अर्ध्यावर राहिलेल्या आयुष्यांची नोंदवही आहे. कुणाचं लग्न राहिलं, कुणाचं मूल राहिलं, कुणाला अग्नी द्यायला कुणी राहिलं नाही. मराठी भूत म्हणजे बहुतेक वेळा पोरकं झालेलं मेलेलं माणूस.

पंचांगानंही या पोरक्यांची सोय केलेली आहे. पितृपंधरवड्यात ज्याची तिथी त्याला श्राद्ध. नवमी अहेवपणी गेलेल्या बायकांची. चतुर्दशी शस्त्रानं, अपघातानं गेलेल्यांची. खून झालेल्या माणसासाठी पंचांगात वेगळा दिवस राखून ठेवला आहे, ह्याचा मी कधी विचारच केला नव्हता. आणि ज्यांची तिथीच ठाऊक नाही त्यांच्यासाठी शेवटी सर्वपित्री अमावास्या. बॉडचे आईवडील आपल्याकडचे असते तर चतुर्दशीला जेवले असते.

आबा गेले तेव्हा दहाव्याला कावळा शिवेना. पिंड मांडलेले, ऊन वर चढलेलं, कावळे समोरच्या बाभळीवर बसलेले, पण एकही खाली येईना. काका पुढं झाले, शेताचा वाद मिटवतो म्हणाले. वडील म्हणाले, आईला अंतर देणार नाही. आत्यानं धाकट्याच्या लग्नाचा शब्द दिला. गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीत. एवढ्यात धाकटी काकू पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मामंजी, तुमचा रेडिओ कुण्णाला देणार नाही, इथंच राहील." आणि कावळा उतरला. आम्ही सगळे हसलो. डोळ्यांत पाणी होतं आणि हसू आवरत नव्हतं. आबांना ओळखणारं प्रत्येक माणूस त्या क्षणी हसलं असतं. मरणाच्या दारातलं हे हसणं बाहेरून आणावं लागत नाही, ते त्या विधीच्या आतच असतं.

सतीश आळेकरांनी 'महानिर्वाण'मध्ये नेमकं हेच ओळखलं. २२ नोव्हेंबर १९७४ ला पुण्यात त्याचा पहिला प्रयोग झाला. मेलेले भाऊराव स्वतःच कीर्तन करायला उभे राहतात आणि आपल्याला जुन्याच स्मशानात जाळावं म्हणून हटून बसतात. ते स्मशान तर बंद झालेलं. मुलगा नाना बापाचं प्रेत घेऊन अडकलेला. सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजला १९२७ साली जन्मलेले द. मा. मिरासदार दुसऱ्या वाटेनं गेले. 'भुताचा जन्म' या त्यांच्या कथेत भूत जन्म घेतं ते जिवंत माणसांच्या भीतीतून. दोघांनी मराठी माणसाला मरणापुढं हसवलं. पण पोरकेपणाचा काटा मला जास्त बोचतो तो आळेकरांच्या नाटकात, कारण तिथं हसता हसता नानाचा बाप खरोखर गेलेला असतो.

गेमनच्या पुस्तकात लायझा हेम्पस्टॉक नावाची मुलगी आहे. चेटकीण ठरवून तिला मारलं आणि दफनभूमीच्या कडेला, न मंत्रलेल्या जमिनीत पुरलं. तिथं खुनी, आत्महत्या केलेले, बेवारस असे सगळे, आणि कुणाच्याच डोक्याशी दगड नाही. लायझाची इच्छा एवढीच की आपल्याला दगड मिळावा. बॉड त्यासाठी गावात जातो, संकटात सापडतो, आणि शेवटी काचेच्या एका पेपरवेटवर तिच्या नावाची दोन अक्षरं रंगवून ते गवतात ठेवतो. सबंध पुस्तकात मला थांबवणारी जागा ही.

कारण लायझा वाचताना मला होम मैदान दिसत होतं. सोलापुरात संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वरांची यात्रा भरते, आम्ही तिला गड्डा म्हणतो. बाराव्या शतकातल्या सिद्धरामांशी, म्हणजेच सिद्धेश्वरांशी, लग्न करायचं एका कुंभारकन्येनं मनात धरलं. ते विरक्त. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न लावायची अनुज्ञा दिली, अशी कथा. ते लग्न गाव दरवर्षी लावतं. पांढऱ्या बाराबंदीतली माणसं सात नंदीध्वज कमरेशी पेलत मिरवणुकीनं येतात, तळ्याकाठी संमती कट्ट्याशी संमतीचं वाचन होतं आणि हजारो हातांतून अक्षता पडतात. आणि दुसऱ्या रात्री त्याच नवरीचा होम. पेंढ्यांची कुंभारकन्या करतात, तिला साडी नेसवतात, मणी-मंगळसूत्र, बांगड्या घालतात, आणि अग्नी देतात. मग उपाशी ठेवलेलं वासरू आणतात आणि ते कशाला तोंड लावतं, कसं वागतं यावरून येत्या वर्षाच्या पावसापाण्याची भाकणूक होते.

लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी तो होम पाहिला. साडीनं आधी पेट घेतला आणि आतल्या पेंढ्या तडतडू लागल्या, तो आवाज अजून कानात आहे. काल अक्षता टाकल्या ती हीच का, असं मी विचारलं होतं. आजही तो जाळ मला निवांत मनानं पाहता येत नाही. जिवंत मुलीच्या जळण्याची आठवण आहे ती, तिला नुसती शोभा म्हणून पाहणं मला जमत नाही. तरी एक गोष्ट मी सोलापूरकर म्हणून मानतो. त्या मुलीला गाव 'कुंभारकन्या' म्हणूनच ओळखतं, पण तिच्या पायी हे गाव दरवर्षी लग्नाला उभं राहतं, तिला बांगड्या भरतं आणि तिच्या होमाला रात्री जागतं. कादंबरीत हिवाळ्यातल्या एका रात्री दफनभूमीतली पांढरी फुलं उमलतात आणि गावातली जिवंत माणसं मेलेल्यांच्या हातात हात घालून नाचतात. सकाळी गावात कुणालाच काही आठवत नाही. आमच्याकडं आठवतं.

खून आणि पोरकेपण यांची खरीखुरी गाठ आमच्या जिल्ह्यात पंढरपूरला पडलेली आहे. विधवेला पुन्हा लग्न करायची मोकळीक नव्हती, तिच्यावर हात टाकणारे मात्र घरातच असत. दिवस गेले की तीर्थाचं निमित्त. मग मूल जन्मताच मारायचं किंवा टाकून द्यायचं. पंढरपूरला न्यायाधीश म्हणून आलेल्या लालशंकर उमियाशंकर या प्रार्थना समाजाच्या गुजराती गृहस्थानं १८७५ साली तिथं अनाथ बालकांसाठी आश्रम काढला. पुढच्याच वर्षी १८७६ चा दुष्काळ पडला, आणि सोलापूरच्या मुलखात आईबाप गमावलेल्या पोरांना तोटा राहिला नाही. हाच आश्रम पुढं नवरंगे बालकाश्रम म्हणून ओळखला जाऊ लागला. ज्या गावी लोक मेल्यानंतरची सोय करायला येतात, त्याच गावी नुकत्याच जन्मलेल्या जिवाची सोय करायचं कुणाला तरी सुचलं.

त्याच्या बारा वर्षं आधी, १८६३ मध्ये, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं होतं. निमित्त काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेचं. तिनं आपलं मूल मारून विहिरीत टाकलं आणि तिला काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ज्या पुरुषामुळं ती त्या विहिरीपाशी पोचली, त्याला काही झालं नाही. तेव्हा फुल्यांनी शहरात जाहीर पत्रकं लावली, की विधवांनी इथं येऊन गुपचूप बाळंत व्हावं, मूल ठेवावं किंवा न्यावं, त्याचा सांभाळ होईल. पुढं अशाच एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, यशवंत. तो वाढला, शिकला, डॉक्टर झाला.

आणि मग तो प्रश्न आलाच, आबांच्या पिळलेल्या धोतराचा. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले. टिटवं, म्हणजे प्रेतापुढं न्यायचं मडकं, धरायचं कुणी? दत्तक यशवंताचा हक्क काय, असं म्हणून भाऊबंद आडवे आले. दुसऱ्यांच्या पोरांना जगवणाऱ्या घराच्या दारात, ज्याच्यामागं कुणी उरलं नाही असं भाऊबंद ज्याला ठरवू पाहत होते तो माणूस तिरडीवर होता, आणि त्याचा मुलगा शेजारी उभा होता.

सावित्रीबाईंनी टिटवं स्वतः उचललं आणि त्या प्रेतापुढं चालू लागल्या.