पीडीएफ आहे, पण वाचता येते का?

शाळेच्या ग्रुपवर नोट्सची पीडीएफ टाकली, की सगळ्या मुलांना अभ्यास पोचला असं धरलं जातं. वर्गातल्या अंध विद्यार्थिनीच्या हाती मात्र अनेकदा काहीच लागत नाही. ती कानांनी वाचते; स्क्रीन रीडर हे सॉफ्टवेअर तिला पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवतं. एनव्हीडीए हा असाच एक मोफत स्क्रीन रीडर. मायकेल करन आणि जेम्स तेह या ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी तो घडवला, आणि तो मराठीही वाचतो. घोडं अडतं ते फाइलपाशी.

स्कॅन केलेलं पान म्हणजे नुसतं चित्र, त्यात स्क्रीन रीडरला एकही अक्षर सापडत नाही. मराठीत त्याहून चिवट दुखणं आहे ते जुन्या फॉन्टचं. कृतिदेवमध्ये ‘पान’ टाइप केलं, तर डोळ्यांना ‘पान’च दिसतं, पण फाइलमध्ये साठतात इंग्रजीतले आय, के आणि यू. स्क्रीन रीडर तेच उच्चारणार. इतिहासाचा अख्खा धडा असा ऐकावा लागला तर काय होईल? युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे हा घोळ होत नाही. तरीही पीडीएफ बनवताना जोडाक्षरं कधीकधी विस्कटतात, म्हणून सोबत मूळ वर्ड फाइल किंवा ईपब द्यावी. ईपबमध्ये अक्षर कितीही मोठं केलं तरी ओळी नव्याने जुळतात. अधू दृष्टीच्या मुलाला ते लागतंच, आणि छोट्या मोबाइलवर अभ्यास करणाऱ्यालाही बरं पडतं.

आकृत्यांकडे तर फारच दुर्लक्ष होतं. फुलाच्या चित्राला ‘आकृती 2’ एवढंच नाव देऊन भागत नाही. ‘मधोमध जायांग, त्याभोवती पुंकेसर, मग पाकळ्या, सर्वांत बाहेर हिरवी निदलं’ असं वर्णन जोडलं, की फूल ऐकूनही कळतं. व्हिडिओला कर्णबधिर मुलांसाठी तपासलेली मराठी उपशीर्षकं हवीत. ‘लाल शब्द पाठ करा’ असं सांगायचं असेल, तर रंग न ओळखू येणाऱ्या मुलांसाठी ते शब्द अधोरेखितही करावेत.

कायदा आड येत नाही. कॉपीराइट कायद्यात 2012 साली झालेल्या दुरुस्तीमुळे दिव्यांगांसाठी पुस्तक सुलभ रूपात आणायला मोकळीक मिळाली. याच हेतूने झालेल्या माराकेश कराराला 2014 मध्ये सर्वांत आधी मान्यता दिली ती भारतानेच. 2016 पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. पण शिक्षकांनी परवा टाकलेल्या नोट्स तिथे कशा मिळणार? त्या बनवतानाच नीट बनवायला हव्यात, आणि ते अवघड नाही.

फाइल पाठवण्याआधी तिच्यातली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवावी. ओळ निवडलीच गेली नाही, तर ते चित्र आहे. इंग्रजी अक्षरं उमटली, तर फॉन्ट जुना आहे. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारी मोफत साधनं इंटरनेटवर आहेत; रूपांतरानंतर मजकूर एकदा वाचून घ्यावा, कारण रफार आणि ऱ्हस्व वेलांट्या बऱ्याचदा जागा सोडतात.